ट्रॉलीचा गॅस, कारचा पत्रा

“साहेब, पोरीला काहून तकलीफ दिली? इथं बसायलाबी जागा न्हाई.”

वर्कशॉपचे मिस्त्री पप्पांना म्हणाले. मी कारच्या पलीकडे वाकून तळावरची चटई गुंडाळत होते, ते त्यांना दिसलं नसावं. पप्पा हसले. “तिचाच हट्ट आहे. नाहीतर मी ही गाडी भंगारात देणार होतो.”

चिखल लागू नये म्हणून पप्पांनी वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या पायाखाली गोणपाट अंथरलं होतं. ते पावसाळ्यात भिजायचं आणि तिथंच वाळायचं. कुणी उचललं नाही. खालच्या पत्र्याचा पार पापड झाला. शेवटी पप्पा मला म्हणाले होते, “एवढा तळ नीट झाला तर गाडी तुझी. बिघडला तर भंगारवाला.”

सडलेला भाग मी आधीच टोच्याने टोचून पाहिला होता. वरचा पत्रा गेला होता, पण त्याच्याखालची पोकळ पट्टी, जिच्यावर सगळा तळ टेकतो, ती ठणठणीत होती. म्हणून सरळ कापासाठी ग्राइंडरला पातळ चकती, आणि पट्टीच्या वर मात्र पत्रा कापायची हातकात्री. चकती जरा खोल गेली की दोन्ही थर चिरते. हे सगळं मी हिंगोलीतून स्वतः आणलं होतं. तिथंही दुकानदाराने माझं ऐकलं आणि शेजारच्या अनोळखी पुरुष गिऱ्हाइकाला विचारलं, “कोणती देऊ?” मी नुसतं बोट दाखवलं.

सेनगाव रस्त्यावरच्या या वर्कशॉपात ट्रॉल्या आणि मळणीयंत्रं येतात. जाड लोखंड, म्हणून सगळं गॅसच्या ज्योतीने कापायची सवय. मिस्त्रींनी माझी पिशवी उघडली.

“ही कात्री व्हय! साहेब, ब्लाउज शिवून राहिले का?”

पप्पा पुन्हा हसले.

“गॅसनं आत्ता मोकळं करतो. ट्रॉली काय अन् कार काय, लोखंड ते लोखंड. पत्र्याखाली काही हाय का?”

हे पप्पांना विचारलं. बोनेट कुठून उघडतं तेसुद्धा ज्यांना मला विचारावं लागतं, त्या पप्पांना! आणि ते बेधडक म्हणाले, “काही नाही. करा तुम्ही बराबर.”

मिस्त्रींपेक्षा मला पप्पांचा राग आला. आदल्या संध्याकाळी मी त्यांना पट्टी दाखवली होती, त्यांनी वाकून पाहिली होती, मानही डोलावली होती. समोर दुसरा पुरुष आला की मुलीचं ऐकलेलं जातं कुठं? इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हत्यारांची नावं मराठीत सांगताना मी अडखळते, हे खरं. पण अडखळते म्हणजे कळत नाही, हे कुणी ठरवलं? उलट ते दोघं एकदाही न अडखळता चुकीचं बोलत होते.

मिस्त्रींनी गॅस पेटवला. निळी ज्योत बारीक करत ते गुडघ्यावर टेकले, अगदी पट्टीच्या समोर. पप्पा फोन पाहत होते.

मी मिस्त्रींच्या आणि कारच्या उघड्या दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“गॅस विझवा, काका. वरचा पत्रा सडलाय, खालची पट्टी नाही. ती जळली तर माझी गाडी भंगारात जाईल. तेवढा भाग मी कात्रीने कापणार आहे. आणि पप्पा, तुम्हाला माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा.”