चिदीचं ताट

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. मालकांना नाही, पोरांना नाही. तुम्ही समोर नाही, म्हणून लिहायला तरी जमतंय — तोंडानं सांगायला बसले असते तर मधेच चहा टाकायला उठले असते.

आमच्या घरात सगळ्यांना वाटतं, चिदीनं आमची खानावळ तिखटापायी सोडली. खोटं आहे ते. मीच उठवलेलं. अहो, तो तर खर्डा मागून घ्यायचा! कोरेगावाकडच्या पाव्हण्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि हा म्हणायचा, "मावशी, अजून!"

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. कराडात आमची घरगुती खानावळ होती, कॉलेजची पोरं जेवायची. त्यांत दोघं आफ्रिकेतले, नायजेरियाचे. एमेका जुना, मोडकंतोडकं मराठी बोलणारा. चिदी नवा, लाजरा. आधी बिचकले मी, कशाला लपवू? मग म्हटलं, एवढ्या लांबच्या माणसाला कुठली आलीय जात! दोघांना सगळ्यांच्या पंगतीत बसवलं. चिदी एकदा मोडक्या हिंदीत म्हणाला होता, इथं माझं घराणं कुणाला ठाऊक नाही, म्हणून जेवण गोड लागतं. मला वाटलं, माझ्या हाताला नावाजतोय.

एक दिवस एमेका लवकर आला. मी भाजी निवडत होते. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, आमच्या गावात मी चिदीजवळ बसत नाय. त्याचा आजा देवाला दिलेला. देवाचा गुलाम. मग पोरं पण तेच. त्यांच्यात लग्न नाय, जेवण नाय."

"आन् मग हितं कसा बसतोस रं?"

"हितं कोण बघतंय?" म्हणाला, आणि हसला.

का सांगितलं त्यानं? तक्रार होती, की नुसतं बोलणं? मला अजून उमगलेलं नाही. पण देवाला दिलेला म्हणजे काय, ते मात्र लगेच कळलं. आमच्याकडं यल्लम्माला सोडलेल्या पोरी नव्हत्या का? परडी घेऊन दारात आल्या की पाया पडायचं, जोगवा घालायचा — वरून, न शिवता. त्यांच्या हातचं पाणी कोण पीत होतं?

त्या दुपारी मी चिदीचं ताट बाहेर सोप्यात मांडलं. एकट्याचं. कुणी सांगितलं होतं मला? एमेकानं तर नाही. ज्या देवाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, त्याचा विटाळ मला कसा झाला? हात आपोआप गेला म्हणू? पण हात माझाच ना —

चिदी आला. पंगतीतल्या आपल्या जागेकडं बघितलं, मग एमेकाकडं. एमेका मान खाली घालून जेवत होता. चिदी सोप्यात बसला, जेवला, ताट उचलून नळावर नेलं, घासलं, आणि भिंतीला उपडं लावून ठेवलं — बाकीच्या ताटांपासून लांब. हे त्याला कराडात कुणी शिकवलं नव्हतं हो. तिकडूनच शिकून आला होता.

इथवरचं कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

पोरं पांगल्यावर मी चुलीतला निखारा आणला आणि त्या ताटात टाकला. भांडं शुद्ध करायची आमच्याकडं हीच रीत. लहानपणी आईला करताना बघितलेली. मागं चाहूल लागली. चिदी छत्री विसरला होता, ती न्यायला आलेला. निखाऱ्याकडं बघत दारात उभा राहिला.

"मावशी, मी धुतला ताट," तो म्हणाला.

मी चिमटा धरून तशीच. व्हय रं बाळा, एवढं तरी म्हणायचं! तो छत्री घेऊन गेला, तो परत जेवायला कधी आलाच नाही. निखारा काळा पडेपर्यंत मी थांबले. मग ताट पुन्हा राखेनं घासलं, आणि बाकीच्या ताटांत ठेवून दिलं.