पूजेसाठी पुसलेलं मशीन

दमेकऱ्याला वाफेतून औषध देणारं मशीन आमच्या परळच्या कारखान्यात तयार व्हायचं. कारखाना कसला, एक गाळा आणि आठ-दहा माणसं. मी तिथं टेस्टिंगला होते. संप फसला, मिल बंद पडली आणि बाबांच्या वाट्याला उरला तो कापसाच्या धुळीनं जडलेला दमा. घर माझ्या पगारावर चालायचं. आमचंच एक मशीन मी त्यांना आणून दिलं होतं. दुपारी मी कामावर असताना ते एकटेच वाफ घ्यायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लालबागच्या एका आजींचं मशीन परत आलं. ऐन दम लागलेला असताना ते बंद पडलं आणि आजींना हॉस्पिटलात न्यावं लागलं. मालक म्हणाले, "पूजेला घाण वस्तू नको हां." झालं! बाकीच्या यंत्रांबरोबर तेही उघडून आतून-बाहेरून पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नंतर टेबलावर लावलं तर दिवसभर गुमान चाललं.

"मशीनला काय पण झालेलं नाय," मालकांनी निकाल दिला. "लाइट गेली असेल त्यांची."

मला मात्र धडकी भरली. बाबांचं मशीन त्याच खेपेतलं होतं, आणि गाळ्यात विकायला ठेवलेली होती तीही. आजींचं कशानं बंद पडलं ते आता कोण सांगणार? बाबांना विचारायचा धीर होईना, कारण त्यांनी धसका घेतला की तेवढ्यानंच दम चढायचा. दुपार झाली की माझं कामात लक्ष लागेना. शेवटी डोक्यात एकच वाट दिसली आणि तिचीच जास्त भीती वाटली. त्या खेपेतलं वापरलेलं, पण न पुसलेलं मशीन आमच्याच खाटेखाली होतं. ते नेलं तर तोवर बाबांनी करायचं काय?

"सर्व्हिसिंगला नेते," असं सांगून मी ते जसंच्या तसं पिशवीत घातलं. शेजारच्या काकींना बाबांपाशी बसवलं.

कारखान्यात सुरू केलं. थोड्या वेळानं तापलं, घरघरलं आणि थांबलं. झाकण उघडलं तशा सगळ्यांनाच शिंका सुटल्या. हवा आत घेणाऱ्या जाळीवर तिखटाचा लाल थर! आमच्या चाळीखाली मिरची-मसाला कुटायचे डंक होते. विचारलं तर आजींच्या घराखालीही तेच. हवा कोंडून मोटार बंद पडायची. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या घरांना निरोप गेले, जाळी बदलायचं ठरलं, आणि परत आलेल्या मशीनची आधी विचारपूस, मग तपासणी, फडकं सगळ्यात शेवटी, असा नियमच झाला.

दुरुस्त केलेलं मशीन घेऊन मी घरी धावले. बाबा भिंतीला टेकून श्वास ओढत होते. वाफ घेऊन झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं.

"माझं पण बंद पडायचं ते," ते म्हणाले. "चांगलं तीन-चार वेळा."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"तुझ्या कारखान्याचा माल. तक्रार केली नि तुझी नोकरी गेली, तर? परत सगळ्यांनी घरी बसायचं?"

भर दुपारी, एकटे, बंद पडलेलं मशीन तोंडाशी धरून बाबा माझ्या नोकरीसाठी गप्प बसले होते.