वसुमतीबाईंची सातवी

कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीला संपते आणि शेवटी सरकारी परीक्षा असते, हे मला बसवनगुडीत आल्यावर कळलं. चौऱ्याण्णव साली ह्यांची नागपूरहून इथल्या सरकारी कारखान्यात बदली झाली आणि आमची वल्लरी नेमकी त्या सातवीत जाऊन बसली. नवं गाव, कन्नडचा नवा पेपर, वर परीक्षा! माझा जीव टांगणीला. हिला शिकवतं तरी कोण, ही चौकशी मी पहिल्याच आठवड्यात केली.

शिकवायच्या वसुमतीबाई. गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल, सगळं त्याच. पन्नाशीच्या, बुटक्या, चपला फटफट वाजवत चालणाऱ्या. घराणं चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेलं, त्यामुळे घरी मराठी, पण त्यात निम्मं कन्नड. आपली बाई म्हणून मला बरं वाटलं.

ते बरं वाटणं महिनाभर टिकलं. एक दिवस वल्लरी उड्या मारतच घरी आली. "आई, मी बाईंना विचारलं, दूध उतू जातं तसं पाणी का नाही जात? त्या म्हणाल्या, गोत्तिल्ला!"

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय प्रश्न. तिथे आधीचाही एक आहे, पालीची तुटलेली शेपटी का वळवळते."

माझं डोकंच फिरलं. परीक्षेचं वर्ष, आणि बाई मुलांसमोर हात वर करतात? मी हेडमिस्ट्रेस राजलक्ष्मी मॅडमना दोन पानी पत्र लिहिलं आणि खाली दणदणीत सही ठोकली. "आधी बाईंशी बोल तरी," हे म्हणाले. पण मी कुणाचं ऐकते थोडीच!

पत्र दिलं, राग उतरला, आणि मग मला राहवेना. कारण दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा पालीचा प्रश्न पुसलेला होता. शेपटीतल्या नसा तुटल्यावरही थोडा वेळ काम करत राहतात, असं बाईंनी येऊन सांगितलं म्हणे. कुठून आणलं हे? वल्लरी म्हणाली, "जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं त्यांनी. शाळा सुटली की रोज कुठेतरी जातात."

त्या संध्याकाळी मी चक्क बाईंच्या मागे गेले. गांधी बाजारातून त्या फटफट करत पुढे, मी पिशवी घेऊन मागे. एका हॉटेलच्या मागच्या दाराशी त्या थांबल्या आणि वळल्या.

"या की अक्का. किती वेळ मागनं चालणार? पाय दुखले असतील."

मेले ग बाई! हिंग घ्यायला आले होते, असं मी काहीतरी पुटपुटले. त्या हसल्या आणि मला आत घेऊन गेल्या. आत स्वयंपाकी हरीअण्णा दुधाच्या पातेल्यापाशी उभे. बाईंनी प्रश्न टाकला. त्यांनी झाऱ्याने साय उचलून दाखवली. वर साय धरते, खाली वाफ कोंडते, ती सायीला वर ढकलते आणि दूध बाहेर. "मग पाण्यात पीठ कालवलं तर?" बाई म्हणाल्या. हरीअण्णांनी मूठभर तांदळाचं पीठ पाण्यात टाकून ते उकळलं. फेस वर वर आला आणि पाणी उतू गेलं! आम्ही दोघी लहान पोरींसारख्या टाळ्या पिटत होतो. इतकी वर्षं दूध तापवलं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पण बाई, हे परीक्षेत येत नाही. मग कशाला?"

"परीक्षेतलं शिकवतेच की. पण पुढं मोठ्या शाळेत गेली की पोरं विचारायला लाजतात. त्याआधी हे एकच वर्ष माझ्या हातात असतं. बाईलाही येत नाही, बाईही शोधायला जाते, एवढं स्वल्प, थोडंसं, बघून जाऊ देत."

पत्राचं सांगायचं अगदी ओठावर आलं. पण मी पिशवी सावरून घराकडे वळले.

सकाळी धावत शाळेत गेले, पत्र परत मागायला. राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "उशीर झाला. सातवी आता जयसिंगराव सरांकडे, वसुमतीबाई दुसरीला. परीक्षेच्या वर्षी मी धोका घेणार नाही. आणि तक्रार तुमचीच ना?"

"बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. ‘सरी, ठीक आहे’ म्हणाल्या आणि वर्ग बदलला."

मी विनवण्या केल्या. मॅडम हलल्या नाहीत. बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं, रडले. त्या म्हणाल्या, "आईचा जीव असतो, कळतं मला." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

जयसिंगराव सर वाईट नव्हते. सगळी उत्तरं त्यांना तोंडपाठ, आणि ते ती उतरवून द्यायचे. वल्लरीला ब्याण्णव टक्के मिळाले. पुढच्या जूनपर्यंत मी मॅडमच्या खोलीत इतक्या चकरा मारल्या, की शेवटी वैतागून त्यांनी बाईंना सातवी परत दिली. तोवर वल्लरी आठवीत, दुसऱ्या शाळेत गेली होती.

मग रोज संध्याकाळी मीच तिला विचारायचे, "आज वर्गात काय विचारलंस गं?"

ती दप्तरातून वही काढायची. "काही नाही. सगळं लिहून देतात ना, विचारायचं काय त्यात?"