मोहाखालचा फोटो

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी सौंसरला मास्तर होतो. लोधीखेड्याजवळच्या एका संत्र्याच्या बागेत पांढऱ्या मानेचा, लाल तुऱ्याचा दुर्मिळ सुतार पक्षी येतो असं कळलं, म्हणून तीन रविवार सायकलनं गेलो. तिसऱ्या रविवारी तो बांधावरच्या मोहाच्या वाळक्या झाडावर बसला. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. मी कॅमेरा उचलला, तसा बागेचा म्हातारा रखवालदार लगबगीनं मोहाखाली आला. सदऱ्याची बटणं लावून, टोपी नीट करून, श्वास रोखून उभा राहिला. त्याला बाजूला हो म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्याचाच फोटो काढला.

महिन्यानं नेऊन दिला. बराच वेळ पाहून त्यानं मागच्या अंधुक लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"अरे, हा बी आला! बारा वर्सं झाले गुरुजी, याचीच ठकठक आयकून राहिलो. आमचा दोघायचा हा पैलाच फोटो."