हौदा आणि ट्रेलरमधली वीतभर जागा

ओहोटीने उघड्या पडलेल्या शेवाळाचा वास आला की मला स्कॉटलंडमधला तो फेरीचा धक्का आठवतो. सोमवारी बेटावरच्या दवाखान्यात हजर झाले नसते, तर माझी नोकरी आणि तिच्यावरचा आमचा व्हिसा दोन्ही गेली असती. शनिवारची शेवटची बोट समोर होती आणि रविवारी बोट नव्हती. नॉटिंगहॅमचा सगळा संसार एका जुन्या ट्रेलरमध्ये होता आणि त्याचं पुढचं टोक आमच्या पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यातल्या कप्लिंगवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर, टेकलेलं होतं. पाणी उतरल्यामुळे बोटीत जायचा रॅम्प फारच उतरता झाला होता. पिकअपचं तोंड खाली गेलं, हौद्याच्या मागच्या कडा उचलल्या गेल्या आणि करकरत ट्रेलरच्या पोटात रुतल्या. बोटीवरचा माणूस धावत आला. "पुढे घेऊ नका, तळ फाटेल. इथे वीतभर तरी जागा हवी. कप्लिंग इतकं खाली कुणी बसवलं?" नवरा म्हणाला, "मी. माझी चूक." "ट्रेलर इथेच सोडू," मी म्हणाले, "पण मला आज पलीकडे जायचंच आहे." त्या माणसानेच गाडी मागे घेऊन दिली. आम्ही ट्रेलरमधलं घर धक्क्यावर सोडलं आणि फक्त पिकअप आणि कागदपत्रांची एक बॅग घेऊन बोटीत चढलो. सोमवारी मी हजर झाले; ट्रेलर नंतर भरतीच्या वेळी, रॅम्प जवळजवळ सपाट असताना, आला. खरं तर ट्रेलर नाक वर करून चालतो, बरं दिसत नाही, म्हणून कप्लिंग खाली घ्यायचा हट्ट माझा होता. तेव्हा मी गप्प राहिले, आणि नवऱ्याने तो विषय आजवर काढलेला नाही.