यंदा काय गेलं?

झाशीत गुन्हे कमी झाले अशी बातमी आली की अख्ख्या शहरात एकच बाई घाबरते, आणि ती म्हणजे आमची आत्या. लोक पेपर वाचून निर्धास्त होतात. ही मागच्या दाराला आणखी एक कडी बसवून घेते. सिविल लाइंसमधल्या एका कचेरीत ठाण्याठाण्यांतून आलेले आकडे जुळवण्यात तिची सगळी नोकरी झाली. चोरीला गेलेला मोबाइल कागदावर ‘हरवला’ कसा होतो, हे तिनं इतकं पाहिलंय की आकडा उतरला की तिला दरदरून घाम फुटतो. "पलीकडच्या गावात वर्षभरात एकही सायकल चोरीला गेली नाही म्हणे," ती एकदा जेवता जेवता म्हणाली, "म्हणजे तिथल्या लोकांनी ठाण्यात जाणंच सोडलं." मग तिला घास जाईना. त्या गावात आमचं कुणीही राहत नाही.

सरकारी आकड्यावर भरवसा नाही म्हणून तिनं स्वतःची सोय केली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवात. आमच्या उरल्यासुरल्या मराठी घरांतल्या आणि शेजारच्या बुंदेली, सगळ्या बायका झाडून येतात. आत्या कुंकू लावते, हातावर तिळगूळ ठेवते, आणि गोड बोला म्हणायचं सोडून कानाशी लागते, "यंदा काय गेलं? ठाण्यात नाही सांगितलं ते सांग." कुणाची साखळी निघते, कुणाचा भरलेला सिलिंडर. एका भाभीजींनी तर "अम्मा, हमाए कंगन तो सास नेई दबा लए" म्हणून डोळ्यांना पदर लावला. सासूबाई शेजारीच सुपारी कातरत बसल्या होत्या. आत्यानं त्या बांगड्याही चोरीत धरल्या.

गेल्या संक्रांतीला ओळीनं विचारता विचारता तिनं स्वतःच्या सुनेलाही विचारलं. सून हिंदी घरातली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. चिरगाँवच्या शाळेत शिकवते, रोज बसनं जाते. तिळगूळ मुठीत आवळून ती म्हणाली, "बस में एक आदमी है, मम्मीजी. रोज़ पीछे बैठता है. हाथ लगाता है."

तिचा नवरा, माझा आत्येभाऊ, दारातच उभा होता. "कल से जाना बंद," तो म्हणाला, "नौकरी छोड़ो."

"इसीलिए तो नहीं बताया था," सून म्हणाली.

आत्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. लोक सांगत का नाहीत, हे कोडं तिला जन्मभर छळत होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याच घरात भांडी घासत, वह्या तपासत वावरत होतं.

दुसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन ठाण्यात गेली. सोबतीला मी होते. तिथले तक्रारी लिहून घेणारे मुंशीजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "माताजी, बिटिया की नौकरी छुड़वा दो, बात ख़त्म." आत्याचा आवाज पक्का होता. "भैया, चोरी हो जाए तो दुकान बंद करवाते हो क्या?" तक्रार लिहून होईपर्यंत ती बाकावरून हलली नाही. पुढे कितीतरी दिवस ती सुनेबरोबर चिरगाँवची बस धरायची, मांडीवर पितळी डबा घेऊन, मागच्या सीटकडे तोंड करून तिरपी बसायची. तो माणूस पुन्हा फिरकला नाही. सुनेची नोकरी राहिली.

ही गोष्ट मोहल्लाभर झाली. अम्माला काही सांगितलं की अम्मा थेट ठाण्यात नेते, हे सगळ्यांना कळलं. यंदा संक्रांतीला बायका आल्या, कुंकू लावून घेतलं आणि आत्यानं विचारलं की एकजात सगळ्या म्हणाल्या, "कुछ नहीं, अम्मा. सब ठीक है."

सगळ्या गेल्यावर आत्या कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसून राहिली. "अगं, कुणाचंच काही नाही?" ती मला म्हणाली. "मलाही सांगायचं सोडलं की गं." मी उठून मागच्या दाराच्या कड्या लावून आले.

तेवढ्यात मघाच्या बायकांतली एक, शाल विसरली म्हणून परत आली. सुनेनं शाल आणून दिली. शाल खांद्यावर घेऊनही ती उंबऱ्याशी तशीच उभी राहिली.

आत्यानं तिला काहीच विचारलं नाही. नुसती सरकून तिनं सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली.