बेचाळीस सेकंद जास्त

कॉलेजात असताना सांगलीत आमचा चौघांचा बँड होता. आम्ही जे वाजवायचो त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे आम्हाला बरंच नंतर कळलं. पेटीचा आवाज गिटारच्या अँप्लिफायरमधून काढायचा, त्यावर एको लावायचा, मी हलगी वाजवायची आणि एकानं गायचं. एकूण कार्यक्रम सात झाले, त्यातले दोन लोकांनी बंद पाडले. कॅसेट एकच केली, तिच्या प्रती चाळीस. पण सांगली-कराडच्या हॉस्टेलांत पोरं त्या प्रतींवरून प्रती काढत राहिली, खोलीतला दिवा घालवून ऐकत राहिली. पुढं नोकरीत, प्रवासात कुणीतरी अचानक विचारायचं, तुम्ही त्या बँडमधले का? असे विचारणारे मला आजवर अकरा भेटले.

गाणारा माझा जवळचा मित्र. नंतर तो सांगलीच्या बाजारात हळदीच्या सौद्यात पुकारा करायचा. तिथंही त्याचा आवाज शेवटच्या पोत्यापर्यंत पोचायचा. तीन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळं त्याचं स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो आणि पाटीवर लिहून बोलतो. कडेगावजवळ गावाकडच्या घरी नवराबायको दोघंच असतात. मी साताऱ्याहून महिन्यातून एकदा जातो.

मागच्या वर्षी त्या भागातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राला आमची कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर मिळाली. तिथला तरुण निवेदक दर गुरुवारी दुपारी चारला आमचं सगळ्यात लांब गाणं लावायला लागला. लोक फोन करून मागायला लागले. कौतुक मुख्यतः आवाजाचं, की इतका जाड, इतका खोल आवाज ऐकला नव्हता. एकदा निवेदकानं बोलण्याच्या ओघात गायकाला दिवंगत म्हणून टाकलं. त्या महिन्यात मी गेलो तेव्हा मित्रानं पाटी पुढं केली. ‘मेलोय म्हणं मी. दहाव्याला ये.’ आणि आवाज न होता हसला.

वहिनी हसल्या नाहीत. मला चहा देताना म्हणाल्या, “भावजी, ह्यो आवाज ह्यांचा न्हाई.”

त्यांनी आमचा एकही कार्यक्रम ऐकलेला नव्हता. पण चोवीस वर्षं तो आवाज घरात होता. हाक मारताना, भांडताना, जनावरांना ओरडताना. रेडिओवर गाणं लागणार म्हटल्यावर पहिल्या गुरुवारी त्या हातातलं काम सोडून बसल्या होत्या, आणि ऐकू आला तो कुणी भलताच माणूस. फोटो त्यांच्याकडं भरपूर होते. आवाज म्हणाल तर मुलाच्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ, त्यात तो ‘पंखा बंद कर’ एवढंच म्हणतो, तेही घसा बसल्यावरचं. “तुमी कायतरी करा,” त्या म्हणाल्या. “एकदा ऐकू द्या मला.” मी करतो म्हणालो.

घरी येऊन जुनी वही काढली. तीत गाण्याची लांबी आठ मिनिटं लिहिलेली होती. रेडिओवर ते आठ मिनिटं बेचाळीस सेकंद चालायचं. निवेदकाकडून फाइल फोनवर मागवून घेतली. आमच्या अँप्लिफायरला विजेची घूं अशी घरघर होती, ती कॅसेटमध्येही आली होती. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास सायकलची, म्हणजे घरघरही पन्नासची हवी. फोनमधल्या अॅपनं ती सेहेचाळीस दाखवली. त्या हिशेबानंही गाणं आठ मिनिटांचंच येत होतं. केंद्राचा जुना टेपरेकॉर्डर हळू फिरत असणार. त्यामुळं आवाज जवळपास दीड पट्टी खाली गेला होता. लोक ज्याचं कौतुक करत होते तो जाडपणा त्या यंत्राचा होता.

फाइल योग्य वेगावर आणली आणि पुढच्या खेपेला घेऊन गेलो. मित्र बाजेवर बसला होता, वहिनी दारात उभ्या होत्या. मी फोन खुर्चीवर ठेवून गाणं लावलं.

वहिनी खाली बसल्या. “व्हय,” म्हणाल्या. “हेच.”

एक-दीड मिनिट तो नुसता ऐकत होता. मग त्याचे ओठ हलायला लागले. गळ्याच्या भोकातून निघणारा श्वास गाण्याच्या ओळींबरोबर सुटायला लागला, ओळ लांबली की तोही लांबायचा. त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्यानं पाटी घेतली. ‘बंद कर.’ मी बंद केलं. त्यानं ते पुसून पुन्हा लिहिलं, या वेळी बराच वेळ लागला.

‘रेडिओवरला बाबा दुसरा हाय. त्यो किती बी गाऊ दे. ह्यो मी हाय. हे पूस.’

मी वहिनींकडं पाहिलं. त्यांना वाचता येतं. त्या पाटीकडं बघत राहिल्या. आवाज त्याचा होता, म्हणून मी त्याच्यासमोर फाइल पुसली. त्यानं फोन हातात घेऊन खात्री केली. वहिनी उठून आत गेल्या.

निघताना त्या शेंगांची पिशवी द्यायला गाडीपर्यंत आल्या. मागं बघून हळू आवाजात त्यांनी विचारलं, “भावजी, दुसरीकडं कुठं ठिवलंय न्हवं?”

मी नाही म्हणालो. ते खरं होतं. दुरुस्त केलेली प्रत तेवढी एकच होती. निवेदकानं पाठवलेली फाइल मात्र अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि तिच्यावरून तशीच दुसरी प्रत काढायला दहा मिनिटं लागतात. ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी चार वेळा जाऊन आलो. वहिनींनी तो विषय पुन्हा काढलेला नाही. गुरुवारी चार वाजता मित्र रेडिओ लावतो, आणि तेवढा वेळ त्या मागं गोठ्यात जातात.